दुसऱ्या पाटावरचा माईक

देवेशला फक्त एक डबा विकत घ्यायचा होता. सुरुवात एवढीच आहे. त्या आठवड्यात ज्यांनी त्याला कल्याण-भिवंडी रस्त्यावर घाईघाईने मोटारसायकल हाकताना पाहिलं, त्यांना वाटलं असेल की पोरगा हळदीसाठी स्पीकर ठरवायला निघालाय. पण हा डबा वेगळा होता. एका बाजूने त्यात माईकची वायर खुपसायची, दुसऱ्या बाजूने तो लॅपटॉपला जोडायचा, की माईकमधला आवाज स्वच्छ होऊन लॅपटॉपात जाऊन बसतो. जाणकार त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. देवेशच्या घरात ते नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही, त्यामुळे तो शेवटपर्यंत डबाच राहिला.

दोन हजार सहा सालची ही गोष्ट. देवेश कोन गावचा, आगरी. दिवसा काल्हेरच्या गोदामात ट्रक भरून घ्यायची ड्युटी आणि लग्नसराईत गावच्या बँडमध्ये कीबोर्ड. मामेभावाने दुबईहून आणलेला लॅपटॉप त्याच्याकडे आला, तेव्हापासून त्याच्या डोक्यात घरच्या घरी रेकॉर्डिंग करायचं वेड शिरलं होतं. वेड म्हटलं की घरचे हसतात. पण त्या वर्षी शिमगा झाला आणि घरातलं कुणी हसेनासं झालं, कारण राहीबाईच्या गळ्यात गाठ निघाली.

राहीबाई म्हणजे देवेशची आत्या. नवरा लवकर गेल्यावर ती माहेरी आली आणि माहेरचीच झाली. ती धवलारीण होती. आगरी लग्नात हळद लागण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. तो म्हणणाऱ्या बाईचा मान मोठा. राहीबाई मांडवात आली की मोठमोठे जमीनवाले बापे उठून जागा देत. तिचे धवले कुठे लिहिलेले नव्हते. ती म्हणायची, ते घशात असतात, आणि आता डॉक्टर त्याच घशात सुरी घालणार होते. ठाण्याच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, “गाठ काढू. आवाजाचं मात्र आत्ता काही सांगता येणार नाही.” आत्याने ते शांतपणे ऐकलं आणि रिक्षात बसल्यावर पदर तोंडाला लावला. देवेशने तिला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. ऑपरेशनच्या आधी तिचे सगळे धवले टिपून घ्यायचे, असं त्याने तिथेच ठरवलं.

आत्या मात्र तयार होईना.

“एकटीनं धवला म्हनत न्हाईत, देवेश.”

हेही खरंच होतं. धवला दोघींनी म्हणायचा. पुढली ओळ टाकते, मागली ती उचलते. राहीबाई पुढली आणि शेजारच्या आळीतली आक्का मागली, असा त्यांचा जोड अख्ख्या पंचक्रोशीत ठाऊक होता. दोघी भांडायच्याही तालात, आक्का तर मशेरी लावता लावताच. पण आक्का मार्गशीर्षात वारली. दुसरी जोडीदारीण शोधावी तर लग्नसराई तोंडावर, सगळ्या धवलारणी आधीच ठरलेल्या.

“मागलीचा आवाज आपण नंतर भरू ना आत्या,” देवेश म्हणाला. “मल्टिट्रॅक म्हणजे तेच. एका पट्टीवर तू म्हणायचंस, तिची जागा सोडत जायचंस. दुसरी पट्टी कोरी राहील. पावसाळ्यात कशेळीची बाय मोकळी झाली की तिला बसवू त्या पट्टीवर. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

आत्याने त्याच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. “मना जिनं शिकवलं ना, ती म्हातारी सांगाची, जागा सोडाची तर बसवाला कुनीतरी पायजे. न्हायतर ती जागा मोकली र्‍हात न्हाय.”

देवेशने ते कानाआड केलं. पंचवीस-सव्विसाव्या वर्षी माणूस म्हातारीचं एवढंसं ऐकतो आणि लॅपटॉपचं फार ऐकतो. तो रोज तिच्या मागे लागला, अगदी खनपटीलाच बसला, आणि शेवटी आत्या कंटाळून हो म्हणाली. आता फक्त डबा हवा होता.

त्यासाठी त्याने श्रीनाथला गाठलं. श्रीनाथ भिवंडीच्या ब्राह्मण आळीतला, शाळेपासूनचा मित्र. ठाण्याच्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंगचं काम करायचा, त्यामुळे त्याचा शब्द देवेशला प्रमाण. दोघं मुंबईच्या दुकानात गेले. काउंटरवर दोन डबे आले. एक आठ तोंडांचा, म्हणजे एका वेळी आठ माईक घेणारा. भारदस्त, काळा, समोर दिव्यांची रांग. दुसरा दोन तोंडांचा, जेवणाच्या डब्याएवढा.

“आठचा घे, डोळे मिटून घे,” श्रीनाथ म्हणाला. “फायरवायरच्या केबलवर चालतो, एकदम भरवशाचा. उद्या ढोलकी आली, सनई आली, तर दोन तोंडांत काय काय कोंबशील?”

देवेशने मोठा डबा उलटापालटा करून पाहिला. “याला लाइट लागते का?”

“म्हणजे काय! तुझ्या लॅपटॉपचं फायरवायरचं भोक बारकं आहे, त्यातून आवाज जाईल, पण करंट मिळणार नाही. अडॅप्टर भिंतीत लावायचा.”

“मग नको.”

“अरे, का पण?”

देवेशने छोटा डबा जवळ ओढला. “आमच्या घराच्या मागे पॉवरलूमच्या शेड आहेत. लाइट असली की लूम चालू, आणि लूम चालू असले की आमच्याकडे जमीनपण हलते. लोडशेडिंगला लाइट जाते तेव्हाच कोनला शांतता असते. मला लाइट गेल्यावर चालणारा डबा पाहिजे.”

दुकानदार हसायला लागला. “भाई, बिना लाइट का स्टुडिओ पहली बार सुन रहा हूँ.”

पण देवेशचं म्हणणं बिनतोड होतं. छोटा डबा यूएसबीवर चालत होता, म्हणजे लॅपटॉपच्या बॅटरीतूनच आपलं पोट भरत होता. इन्व्हर्टर लावला असता तर त्याची घूं-घूं रेकॉर्डिंगमध्ये शिरली असती. श्रीनाथने शेवटी मान डोलावली आणि डब्यावरचं एक बटण दाखवलं. “हे लक्षात ठेव. गाणाऱ्याचा आवाज लॅपटॉपात जाऊन हेडफोनमध्ये परत येईपर्यंत थोडा उशीर होतो. आपलाच आवाज मागून ऐकू येतो आणि माणूस गडबडतो. हे बटण इकडे फिरवलंस की आवाज लॅपटॉपात न जाता थेट कानात येतो.” मग त्याने स्टुडिओतले दोन माईकही उसने दिले, टाचणी पडली तरी टिपणारे. देवेशला त्या दिवशी जग जिंकल्यासारखं वाटलं. परतीच्या वाटेवर तो उगाचच गाणं म्हणत होता.

रेकॉर्डिंगला शनिवारची दुपार मिळाली. सोमवारी आत्याला ठाण्याला भरती करायची होती, रविवारी तिला भेटायला येणाऱ्यांनी घर भरणार, म्हणजे हीच एक दुपार होती, दुसरी नव्हती. देवेशने मधल्या खोलीच्या खिडकीला गादी उभी केली, भिंतींवर गोधड्या टांगल्या, दार लोटून फटीत चादर कोंबली. आई ओटीवर पहारा देत बसली, कुणी हाक मारत आलं तर तोंडावर बोट ठेवायला. आत अंधारून आलं. गोधड्यांचा जुना वास, उकाडा, आणि लॅपटॉपचा निळसर उजेड. जमिनीखालून लूमची धडधड तळपायांना लागत होती.

आत्या आली ती दोन पाट घेऊन. एक स्वतःसाठी मांडला, दुसरा डाव्या हाताला.

“तो कशाला?”

“त्याच्याबिगर मी बसाची न्हाय.”

देवेशने मोजलं. डब्याला दोन तोंडं, माईक दोन, पाट दोन. त्याला वाटलं, एक माईक रिकामा कशाला ठेवायचा, खोलीचा आवाज तरी टिपेल. त्याने दुसरा माईक रिकाम्या पाटासमोर उभा केला, बसलेल्या बाईच्या तोंडाच्या उंचीवर. इथेच पोरगं चुकलं, असं त्याची आई आजही म्हणते. पाट मांडला होता, वर तोंडासमोर माईक धरला. आमंत्रण आणखी कसं करतात?

मग लाइट गेली.

ज्यांनी लूमच्या शेजारी संसार केलाय त्यांनाच ती शांतता कळेल. आधी एक शेड बंद पडते, मग दुसरी, मग लांबची, आणि शेवटी जमीन थांबते. कानात कापूस घातल्यासारखं होतं. कोपऱ्यात पाल चुकचुकली तरी दचकायला होतं. देवेशने रेकॉर्डिंगची कळ दाबली. पडद्यावर दोन पट्ट्या सरकायला लागल्या, वरची आत्याची, खालची कोरी. आत्याच्या कानावर हेडफोन होते, त्यात त्याने पेटीचा एकच सूर सोडला होता, म्हणजे नंतर दुसरी बाई बसवताना सूर चुकायला नको. तिने डोळे मिटले आणि म्हटलं,

“खाडीच्या पान्यानं गो, मांडव शिंपिला...”

आजारी घशातून आला तरी आवाज खणखणीत होता. पण दुसऱ्याच ओळीला ती अडखळली. डोळे उघडले. चेहरा उतरला होता.

“देवेश... माझ्या मागनं कोन म्हनतंय?”

आत्याने हेडफोन कानावर दाबून धरले. “माझीच ओल कुनी मागनं म्हनतंय. जराशी मागनं... जशी उभी र्‍हाऊन म्हनते तशी...”

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो मोठ्याने हसला. श्रीनाथने सांगितलेला उशीर! बटण फिरवायचंच तो विसरला होता. त्याने बटण फिरवलं. “बोल आता.”

“हॅलो... हॅलो,” आत्या फोनवर बोलावं तशी बोलली. “गेली बाय ती. आता मीच हाय.” आणि तीही हसली. दोघांचा जीव भांड्यात पडला. खोलीतला उकाडासुद्धा जरा कमी वाटला.

मग देवेशनेही दुसरे हेडफोन कानाला लावले आणि काम सुरळीत लागलं. आत्या ओळ टाकायची, आक्काच्या ओळीएवढी गप्प बसायची, मग पुढची ओळ टाकायची. हळदीचा धवला झाला, तेलवणाचा झाला. त्या मधल्या गप्प राहण्यात देवेशला फक्त पेटीचा बारीक सूर ऐकू यायचा. पडद्यावर खालची पट्टी सरळ रेषेसारखी पडून होती, आत्या म्हणत असताना तेवढी किंचित शहारायची. घड्याळाकडे बघत तो मनात हिशेब करत होता. लाइट यायला वेळ होता. सगळं बसणार होतं.

तिसरा, मघाशी अडखळून सोडलेला मांडवाचा धवला सुरू झाला आणि त्याला वास आला. मशेरीचा. तव्यावर जाळलेल्या तंबाखूचा तो करपट वास. त्यांच्या घरात मशेरी कुणी लावत नव्हतं. त्याला वाटलं, ओटीवर आईशी बोलायला कुणी शेजारीण बसली असेल. पण दार बंद होतं आणि फटीत चादर होती.

आत्याने ओळ टाकली आणि गप्प झाली.

हेडफोनमध्ये कुणीतरी ती ओळ उचलली.

“...मांडव शिंपिला, गो मांडव शिंपिला...”

जाडसर आवाज. शेवटाला थोडा फाटणारा. घाई नाही, गडबड नाही, जन्मभर हेच केल्यासारखा. देवेशने बटणाकडे पाहिलं. ते जिथे फिरवलं होतं तिथेच होतं. आत्याकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. डब्यावर दोन बारके हिरवे दिवे होते, प्रत्येक माईकचा एक, आवाज आला की लुकलुकणारे. आत्याचा विझलेला होता. दुसरा लुकलुकत होता.

पाट रिकामाच होता. त्याच्यावर काहीसुद्धा नव्हतं.

देवेशने घाईने हेडफोन कानावरून सरकवले. खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. परत लावले. आवाज होता, आणि इतका जवळ होता की ओळ संपल्यावर घेतलेला श्वास त्याच्या कानात शिरला. बोट आपसूक कळेवर गेलं. दाबली की सगळं थांबलं असतं. पण सोमवार... दुसरी दुपार नव्हती. आणि आत्याने एव्हाना पुढली ओळ टाकली होती, आधीपेक्षा मोकळी, आधीपेक्षा वर. मघापर्यंत ती चाचपडत म्हणत होती, हे त्याला आत्ता कळलं. आता ती मांडवात बसली होती.

त्याने बोट उचललं आणि मांडीखाली दाबून ठेवलं. पोरगा भित्रा होता असं कुणी म्हणू नये. पाचावर धारण बसली होती, तरी तो उठला नाही. एकामागून एक धवले होत गेले. मानपानाचा, मुहूर्ताचा, पाठवणीचा. आत्या टाकत होती, दुसरी उचलत होती, दोन हिरवे दिवे आळीपाळीने लुकलुकत होते. त्याने पाटाकडे पुन्हा पाहिलं नाही. पाठवणीच्या धवल्याला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते भीतीचं होतं की कशाचं हे त्यालाही सांगता आलं नसतं.

शेवटची ओळ संपली आणि लांबची एक शेड धडधडली. मग दुसरी, मग मागची. जमीन हलायला लागली. लाइट आली होती. दुसरा दिवा विझला.

“झालं समदं?” आत्याने विचारलं.

“झालं,” देवेश म्हणाला. त्याने धावत जाऊन दार उघडलं, गादी ओढून खाली पाडली. उन्हाचा झोत आत आला. आई ओटीवर एकटीच बसली होती. लूमची ती रोजची नकोशी धडधड त्याला जन्मात पहिल्यांदा गोड लागली.

आत्याला त्याने काही विचारलं नाही, आत्याही बोलली नाही. रेकॉर्डिंग एकट्याने ऐकायची त्याची हिंमत नव्हती. रविवारी सकाळी तो लॅपटॉप घेऊन श्रीनाथकडे गेला आणि नुसता “ऐक” म्हणाला. वाटलं होतं, श्रीनाथ म्हणेल, अरे एकच आवाज आहे, तुझे कान वाजले. तसं झालं असतं तर बरंच झालं असतं.

श्रीनाथने बराच वेळ ऐकलं. चेहरा खुलला.

“सुरेख! मला वाटलं तू एकटीचंच घेणार होतास. या दुसऱ्या बाई कोण? जोड काय जमलाय दोघींचा!”

“दुसऱ्या... ऐकू येतात तुला?”

“म्हणजे काय? पहिल्या माईकमध्ये त्यांचा आवाज लांबून येतोय आणि दुसऱ्यात राहीबाईंचा. हातभर अंतर असणार दोघींत. छान बसवलंस. फक्त पुढच्या वेळी त्यांना जरा मागे सरकायला सांग. फार चिकटून बसल्यात माईकला, श्वाससुद्धा आलाय.”

देवेशने पाणी मागितलं.

रात्र त्याने कशीबशी काढली. सोमवारी आत्याला वॉर्डमध्ये भरती केलं. दुपारी भेटायच्या वेळेला ती म्हणाली, “ते आनलंस का? ऐकव.” खिडकीतून ऊन येत होतं, शेजारच्या खाटेवरची बाई संत्रं सोलत होती. देवेशने हेडफोन तिच्या कानावर ठेवले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिसरा धवला आला. आत्याचे डोळे भरले.

“आक्का,” ती म्हणाली. दारात कुणी आल्यावर म्हणावं तसं.

“तुला तेव्हाच ऐकू आलं होतं?”

“आलं ना.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू बंद केलं असतंस.” तिने त्याचा हात धरला. “भ्यालास?”

“हो.”

“मी पन भ्याले. पन बरं वाटलं रे. उद्या आवाज गेला तर गेला. एकटीनं म्हनाची पाली आली न्हाय.”

हे ऐकून देवेशच्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. तो आवाज, तो मशेरीचा वास कुणाचा ते पक्कं कळलं, आणि ते आपलंच माणूस होतं. जिने लहानपणी त्याला मांडीवर घेऊन खजूर भरवले, तिला काय भ्यायचं? त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि हसूही आलं.

ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर आले ते हसतच आले. गाठ साधी निघाली होती, वाईट काही नव्हतं, आणि स्वरयंत्राला धक्काही लागला नव्हता. “थोडे दिवस एक शब्दही बोलू देऊ नका. मग हळूहळू आवाज येईल. पूर्वीसारखा,” ते म्हणाले. देवेशच्या आईने तिथेच कॉरिडॉरमध्ये हात जोडले. देवेश खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा घेऊन आला, वॉचमनलासुद्धा एक दिला. घरी पेढे वाटले. त्याने धवल्यांच्या सीडी केल्या, त्या नातेवाइकांत फिरल्या. म्हाताऱ्या बायका ऐकून म्हणायच्या, “आक्काचं कवा घेतलं होतंस रं? बरं झालं, घेऊन ठेवलंस.” तो म्हणायचा, “घेतलं होतं.” खोटं नव्हतंच ते.

आत्या घरात मुक्याने वावरायची, खुणा करायची, खुणा कळल्या नाहीत की चिडायची. चिडलेली आत्या बघून सगळ्यांना हायसं वाटायचं. डब्यावर देवेशने रुमाल टाकून तो कपाटात ठेवून दिला होता.

वैशाखात एका दुपारी तो गोदामातून लवकर घरी आला. लाइट गेलेली होती. शेड गप्प, गाव गप्प. आई कुठे शेजारी गेली असावी. त्याने चपला काढल्या आणि तो जागीच थांबला.

मधल्या खोलीतून आत्याचा आवाज येत होता.

बोलण्याचा नव्हे, धवल्याचा. तसाच, पूर्वीचाच, खणखणीत. देवेशला आनंदाने काही सुचेना. आवाज आला! आईला हाक मारावी, श्रीनाथला फोन करावा, डॉक्टरांना पेढे द्यावे, सगळं एकदम मनात आलं. दार उघडंच होतं. आत्या पाटावर बसली होती, चेहरा प्रसन्न. शेजारी काही मांडलेलं नव्हतं. तो उंबऱ्यात उभा राहून कौतुकाने ऐकत राहिला.

ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आलं, की ती सारखी थांबत होती. ओळ म्हणायची, मग गप्प. मान किंचित कलती करून गप्प. मग पुन्हा ओळ. आणि ती ओळ पुढलीची नव्हती. आत्या जन्मभर पुढली होती. आज ती मागलीचं म्हणत होती, उचलायचं तेवढं.

“आत्या,” तो हळूच म्हणाला, “तू टाकत का नाहीस? नुसती उचलतेस का?”

तिने डोळे उघडले. त्याला बघून हसली. “आलास? बग, आवाज आला.”

“ऐकलं ना. पण...”

“ती माझ्या वेली आली व्हती ना. आता तिला पायजे तवा मना जावा लागतं. आमच्यात तसाच असतं.” हे ती अगदी सहज म्हणाली. मग पुन्हा मान कलती केली. तिकडून कुणी ओळ टाकत असावं, कारण ती संपेपर्यंत आत्या थांबली आणि मग तिने शेवट उचलला. “...हलद दलिली, गो हलद दलिली...”

तिकडे म्हणजे मेलेल्यांचा मांडव, आणि देवेशचं स्वतःचं लग्न अजून व्हायचं होतं. “तिकडं... कुणाचं लग्न आहे?”

“ठावं न्हाय.”

“विचार ना तिला.”

“धवल्यात मदे कोन विचारतं?” आत्या म्हणाली. “नाव येलच ना. हलदीच्या धवल्यात नवऱ्याचं नाव घ्यावं लागतं. ती घेल, मंग मी म्हनंन.”

एवढं बोलून तिने हात वर केला, त्याला गप्प राहायला सांगण्यासाठी. डोळे मिटले. ओठ नुकतेच विलगले होते.

“थांब... आता घेतेय.”

मागच्या शेडमध्ये अजून सामसूम होती. देवेशने दाराची चौकट घट्ट धरली आणि लाइट येण्याची वाट बघत उभा राहिला.